मी वाचून दाखवलेला कागद

"काय लिवलंय?" मालकांनी विचारलं.

कागद माझ्या हातात होता. सिस्टर शाईची पेटी उघडून शेजारी उभी होती. मालक खाटेवर बसलेले, अंगात दवाखान्याचा मागून बांधायचा झगा, उजवा अंगठा आधीच पुढे केलेला. त्यांना ऑपरेशनला आत न्यायला ढकलगाडी दारात आली होती.

मी चौथी शिकले आहे. आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी. लग्न झाल्यापासून घरात आलेला एकूणएक कागद मीच वाचला. लेकीची पत्रं, सोसायटीच्या नोटिसा, लग्नाच्या पत्रिका, खताच्या पोत्यावरची अक्षरं. मी वाचायचं आणि मालकांनी मान हलवायची. पस्तीस वर्षांत एकदाही त्यांनी दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेतली नाही.

कागदावर असं होतं की रोग्याच्या जिभेला कॅन्सर आहे. अर्धी जीभ आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील. नंतर बोलणं आणि गिळणं पहिल्यासारखं राहणार नाही. हे सर्व मला समजावून सांगितलं आहे आणि मला मान्य आहे.

मी वाचलं, "जिभेवरची जखम साफ करून टाके घालायचे आहेत. आठ दिवसांनी घरी सोडतील."

"एवढ्याशा कामाला एवढा कागद?"

"सरकारी कागद हाय. मोठाच असतोय."

सिस्टर केरळची होती, तिला आमचं बोलणं कळत नव्हतं. पलीकडे माझा दीर धोंडीराम उभा होता, तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मालकांनी अंगठा उठवला, शाई झग्याला पुसली आणि म्हणाले, "दिवाळीपातूर बरं हुतंय न्हवं? गुऱ्हाळ लागंल."

"हुतंय की," मी म्हणाले.

पुऱ्या जिभेनं ते माझ्याशी बोललेलं शेवटचं हेच.

*

आमच्या उचगावच्या बाजूला मालकांना गुळव्या म्हणूनच ओळखतात. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळतो, त्याचा पाक होतो आणि तो पाक नेमका कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. थोडा आधी उतरला तर गूळ मऊ पडतो, थोडा उशिरा उतरला तर काळा होतो. बाकीचे गुळवे पाकाचा थेंब पाण्यात सोडून, त्याची गोळी वळून बघतात. मालक ती गोळी शिवाय जिभेवरही ठेवायचे. कुणाच्या रानातला ऊस खारवट आहे, कुणी खत जास्त घातलं आहे, हे ते डोळे मिटून सांगायचे. लोक लांबून न्यायला यायचे. याचा त्यांना गर्व होता आणि मलाही होता.

त्या जिभेला चटके रोजचेच. हंगामात तोंड आलेलं असायचं, हंगाम सरला की बरं व्हायचं. बहात्तर सालच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या हंगामात जिभेच्या डाव्या कडेला एक चट्टा पडला. मालक म्हणाले, पाकाचा चटका हाय. मीही तेच म्हणाले. गुऱ्हाळातले सगळे तेच म्हणाले. तूप लावलं, बाभळीच्या सालीच्या काढ्यानं चुळा भरल्या. होळी झाली, गुऱ्हाळाचं चुलवाण थंड पडलं, चट्टा गेला नाही. पाडवा झाला. बेंदूर झाला. चट्ट्याच्या कडा टणक झाल्या, कानात कळ मारायला लागली, तरी आम्ही म्हणत होतो, औंदाचा चटका जरा खोलच बसलाय.

दुसऱ्या कुठल्या माणसाच्या जिभेवर असलं काही दोन महिने राहिलं असतं तर त्याच्या बायकोनं त्याला दवाखान्यात ओढून नेलं असतं. माझ्या नवऱ्याला चटक्याची सवय होती म्हणून मी सात महिने घालवले. तंबाखू होतीच. ती चुन्याबरोबर त्याच डाव्या गालात असायची. ती मी मळून द्यायची. हेही लिहून ठेवते.

*

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मालक कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसले होते. आधी जिभेचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. डॉक्टरांनी धोंडीरामला आणि मला आत बोलावलं. तेव्हाची रीतच तशी होती. रोग ज्याला झाला तो बाहेर आणि बाकीचे आत.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. म्हणाले, "कॅन्सर आहे. उशीर झालाय, पण अजून कापता येईल. अर्धी जीभ जाईल. नाही कापलं तर सहा महिने." मग विचारलं, "यांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

धोंडीराम म्हणाला, "आम्ही सांगतो साहेब."

बाहेर आल्यावर त्यानं मला जिन्याखाली नेलं. "वैनी, दादाला सांगायचं न्हाय. वरच्या वस्तीवरचा माळी आठवतोय न्हवं? त्याला डाक्टरनं तोंडावर सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी हिरीत सापडला."

"त्यांनी दवाखान्याचा कागद वाचायला लावला तर?"

"तर काय? वाचणारी तूच हायस की."

मी लगेच हो म्हणाले नाही. पण मला मालक ठाऊक होते. गावात एकाचा पाय कापला तेव्हा ते म्हणाले होते, "माझ्या अंगाला सुरी लावू देणार न्हाय. हाय तसा जातो." जीभ कापायची म्हटलं असतं तर ते उठून घरी आले असते, काहिलीपाशी बसले असते आणि सहा महिन्यांत गेले असते. असं मला तेव्हा वाटलं. आज विचाराल तर मला माहीत नाही. ते कळायची वाट मीच बंद केली.

आम्ही परत आलो तर मालक बाकावरून म्हणाले, "काय म्हणतोय पोरगा?"

"जखम चिघळलीया म्हणतोय," मी म्हणाले.

*

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते नीट शुद्धीवर आले. मान टाक्यांनी शिवलेली, नाकातून नळी, तोंड सुजून डाव्या बाजूला ओढलेलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं तर नुसता घशातला आवाज आला. मग तोंडात बोट घालून चाचपायला गेले. मी हात धरला. ते माझ्याकडे बघायला लागले.

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. मी म्हणाले, "आत गेल्यावर डाक्टरला दिसलं, जखम लई खोल हाय. मग त्यानं तिथंच ठरवलं."

एक खोटं पचलं की दुसऱ्याला ताकद लागत नाही.

त्यांनी डोळे मिटले. त्यांना पटलं होतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, वर मलाच धीर दिल्यासारखा. तो हात मला अजून नको वाटतो.

दवाखान्यातलं रोजचं काम कुणी सांगत नाही म्हणून सांगते. नळीतून पातळ पेज, दूध, नाचणीची आंबील घालायची. गाळून घालायची, एक कण गेला तरी नळी तुंबते. घाईनं ओतली की ठसका लागतो आणि टाके ताणतात. लाळ थांबत नाही. तोंडाला वास येतो, कुजल्यासारखा. येणारे पाहुणे पदर नाकाला लावतात आणि खाटेपासून चार हात लांब उभे राहून "आता बरे दिसताय" म्हणतात. अशा पाहुण्यांना मी दारातूनच वाटेला लावायची. सासरच्या दोघी-तिघी त्यावरून अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

*

शेजारच्या खाटेवर कबनूरचा बाबूलाल होता. यंत्रमागावर जन्म गेलेला माणूस. मागांच्या खडखडाटात राहून कान गेलेले, त्यामुळे साधं पाणी मागितलं तरी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जायचं. त्याला जबड्याचा कॅन्सर होता, ऑपरेशन व्हायचं होतं. त्याची बायको खातून खाटेखाली चटई टाकून राहायची, माझ्यासारखीच.

पहिल्याच दिवशी खातूननं माझ्या हातातलं फडकं बघितलं. मी लुगड्याच्या जुन्या पट्टीनं लाळ पुसत होते आणि मालकांची हनुवटी सोलून निघाली होती. ती म्हणाली, "अक्का, ह्यानं कातडं जाईल की." तिच्याकडे बाबूलालच्या मागावरचं कापड होतं, दोनदा धुवून खळ काढलेलं. तिनं त्याचे वीतभर चौकोन फाडून माझ्यापुढे ठेवले. रोज फाडायची, रोज धुवायची, तिचे आणि माझे एकत्रच. त्या महिन्यात कुणी माझ्यासाठी केलेलं एवढंच.

बाबूलालला सगळं माहीत होतं. ऑपरेशनच्या आधी त्यानं घरच्या सगळ्यांना बोलावून घेतलं, कुठला माग कुणी चालवायचा ते ठरवून दिलं, भावाला चार शिव्या दिल्या, खातूनला मटणाचा रस्सा आणायला लावला आणि अर्धा दिवस गप्पा मारत तो खाल्ला. मी बघत होते. माझ्या नवऱ्यानं पुऱ्या जिभेनं शेवटचं काय खाल्लं? दवाखान्याची डाळ. पांचट म्हणून अर्धी ठेवली होती.

मी खातूनला विचारलं, "तू त्याला कसं गं सांगितलंस?"

"तोंड त्यांचं हाय अक्का, माझं न्हवं," ती म्हणाली. आणि कपडे पिळायला लागली.

त्याच दुपारी बाबूलालनं मालकांना हाक मारली. "काय पावणं! लई गप गप?"

मालकांनी तोंडाकडे बोट केलं.

"व्हय व्हय, दिसतंय. तुमचा बी कॅन्सरच की! तुमचा जिभंचा, माझा जबड्याचा. घाबरायचं न्हाय. कापलं म्हणजे सुटला!"

मी म्हणाले, "बाबूभाई, त्यांना झोपायचंय." त्याला ऐकू आलं नाही.

मालक कोपरावर उठले. त्यांनी माझ्याकडे नाही, बाबूलालकडे बघितलं आणि हातानं विचारलं, तुला कसं कळलं?

"आयला, कागदावर असतंय की सगळं! काय कापणार, किती कापणार. वाचून दाखवल्याबिगर अंगठाच घेत न्हाईत. तुमचा घेतला न्हवं?"

मालक हळूहळू माझ्याकडे वळले. त्यांनी उजव्या हाताचा तळवा उघडून आपल्या डोळ्यांसमोर धरला, मी कागद धरते तसा. डोळे एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत फिरवले. मग तो तळवा माझ्या तोंडासमोर धरला.

मी खाली बघून फडक्याची घडी घातली.

त्यांनी हात खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातून नळीतली पेज घेतली नाही. खातूननं घातली.

*

लेक गारगोटीला दिलेली, सुशी. तिला आम्ही बोलावलंच नव्हतं. ती रडेल आणि मालकांना कळेल, म्हणून धोंडीराम म्हणाला, मागनं कळवू. ती आली तेव्हा ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. बापाजवळ बसली, बापानं "सुशे" म्हणायचा प्रयत्न केला आणि तोंडातून लाळ आली. ती उठून व्हरांड्यात आली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"आये, तुझ्या हातात कागद हुता. तू मला एक कारड टाकलं असतंस तर मी आदल्या दिवशी आले असते. आबा माझ्याशी बोलले असते."

"काय बोलले असते?"

"ते आता कसं कळंल? तूच सांग की. तुला सगळं वाचता येतंय."

लेकीला मी जन्मात मारलं नव्हतं, त्या दिवशी मारावंसं वाटलं. कारण ती खरं बोलत होती.

धोंडीराम शेवटपर्यंत म्हणायचा, वैनी, आपण बरोबर केलं, दादा वाचला. सगळा दोष त्याच्यावर टाकायला मला सोपं गेलं असतं. पण डोळे माझे होते. कागदावरचं प्रत्येक अक्षर मला दिसत होतं.

*

टाके सुकल्यावर मिरजेला शेक घ्यायला जायचं. शेक म्हणजे किरणांचा. यंत्राखाली निजवतात, काही दुखत नाही, चार मिनिटांत बाहेर. दुखणं नंतर. तोंड आतून भाजल्यासारखं होतं, थुंकी आटते, पाणी गिळताना माणूस खाट धरतो. तीस वेळा गेलो. सकाळची पहिली एस.टी., परत येईपर्यंत दुपार. मालक खिडकीशी बसायचे, मी शेजारी, मध्ये आंबिलीचा डबा. कोल्हापूर ते मिरज जाताना एक शब्द नाही, येताना एक शब्द नाही. त्यांना बोलता येत नव्हतं असं मी लोकांना सांगायची. खरं असं की कंडक्टरशी ते घोगऱ्या आवाजात, हातवारे करून बोलायचे. "दोन मिरज" असं बोबडं म्हणायचे आणि कंडक्टरला कळायचं. मिरजेला शेकाला आलेला बाबूलाल भेटला की तर जत्राच. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही, आणि दोघं तासभर खिदळत बसायचे.

"पावणं, तुमचं बोलणं मला सगळं कळतंय बघा," बाबूलाल ओरडायचा, "कारण मला कुणाचंच ऐकू येत न्हाय!"

मालक हसायचे. टाक्यांमुळे अर्धं तोंडच हसायचं. मग त्यांची नजर माझ्यावर यायची आणि ते अर्धंही बंद व्हायचं.

आरसा मी लपवून ठेवला होता. तोही त्यांनी शोधून काढला. लपवू नका. माणूस शोधतोच.

*

दिवाळीला गुऱ्हाळ लागलं ते त्यांच्याशिवाय लागलं. संक्रांतीनंतर ते स्वतःच चालत गेले. मी मागनं गेले, लांब उभी राहिले. मालकानं, म्हणजे गुऱ्हाळाच्या मालकानं, त्यांना बसायला पोतं दिलं. पण पाक यायच्या वेळेला नवा गुळव्या पुढे होता. आमच्या मालकांनी त्याला हातानं बाजूला केलं. पाण्यात थेंब सोडला, गोळी वळली आणि सवयीनं तोंडाकडे नेली. मग थांबले. तिथं आता चव लागत नव्हती. त्यांनी गोळी काहिलीच्या काठावर आपटली आणि कान देऊन आवाज ऐकला. हात वर केला. काहील उतरवली.

तो गूळ मऊ पडला. ढेप उभी राहीना.

कुणीतरी म्हणालं, "गुळव्याची जीभ गेली तवाच इद्या गेली."

मला वाटलं आता घरी येऊन निजतील. ते दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. आठवड्यात कानानं त्यांचा अंदाज बसला. पुढच्या हंगामाला लोक पुन्हा न्यायला यायला लागले. खारवट ऊस कुणाचा ते मात्र त्यांना पुन्हा कधी सांगता आलं नाही. विचारलं तर खांदे उडवायचे.

जीभ कापणार हे आधी कळलं असतं तर ते त्या हंगामात घरी येऊन मेले असते, असं धरून मी खोटं वाचलं. आणि हा माणूस जीभ गेल्यावर चौथ्या महिन्यात काहिलीशी उभा राहिला. मी ज्याला भेकड समजून फसवलं तो भेकड नव्हता. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढंही मला वाचता आलं नव्हतं.

*

घरी आल्यानंतर पहिलं पत्र सुशीचं आलं. पोस्टमननं माझ्या हातात दिलं, नेहमीसारखं. मी फोडायला लागले तर मालक उठले, पत्र माझ्या हातातून काढून घेतलं, टोपी घातली आणि चौकातल्या किराणा दुकानात गेले. दुकानदार बापूनं ते भर गिऱ्हाइकात मोठ्यानं वाचून दाखवलं. लेकीच्या घरातलं सगळं गावाला कळलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

तेव्हापासून कागद आला की दुकानात. नोटीस, पत्रिका, दवाखान्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी, सगळं. जेवण माझ्या हातचं खातात. पातळ करून, मिरचीशिवाय, एका बाजूनं चावत. आजारी पडले तर पाय माझ्याकडून चेपून घेतात. बोलतात पण. बोबडं असलं तरी मला सगळं कळतं, सवय झाली. पण माझ्याकडून अक्षर वाचून घेत नाहीत.

एकदा मी विचारलं. "अजून किती वरसं?"

ते म्हणाले, "कशाला? बापू हाय की."

बाबूलाल ऑपरेशननंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात गेला. जबड्याचं परत उलटलं. खातूननं कुणाकडून तरी पत्र लिहून पाठवलं होतं, मला, अक्का म्हणून. तेही दुकानात गेलं. मी मीठ आणायला गेले तेव्हा बापू म्हणाला, "काकी, तुमचं कबनूरचं पावणं वारलं. गुळवेकाकांनी सांगितलं न्हाय व्हय?" मी मीठ घेऊन घरी आले. खातूननं दिलेल्या कापडाचे सात चौकोन माझ्याकडे अजून आहेत.

ज्यांच्या घरी हा रोग आला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिलं आहे. तोंडातला चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही तर दाखवा, मग तुम्ही गुळवे असा की आणि कुणी. पेज गाळून घाला. आणि ज्याचं तोंड त्याला सांगा. तो काय करेल हे तुम्हाला माहीत आहे असं समजू नका.

हे लिहिताना मालक अंगणात बसले आहेत. मी आठ दिवस वहीत काय करते आहे ते त्यांनी बघितलं आहे, विचारलं नाही. त्यांना वाचता येत नाही आणि माझ्याकडून ते वाचून घेणार नाहीत. वही दुकानात न्यायची असेल तर मी अडवणार नाही.

बाबूलालला खरं सांगितलं होतं, तो वारला. मालकांना मी फसवलं. ऑपरेशन होऊन नऊ वर्षं झाली. ते जिवंत आहेत.